वाडीत काय वाढलंय ते लिही

मुलुंड,
१२ डिसेंबर १९५४

प्रिय सुगंधा,

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी एकाचंही उत्तर दिलेलं नाही. रागावू नकोस. आज लिहितेय ते काम आहे म्हणून, आणि ते काम तुझ्याशिवाय, म्हणजे तुझ्या त्या गुरांच्या डॉक्टरांशिवाय, कुणाकडून व्हायचं नाही.

मला शेळ्या हव्यात.

घरामागची वाडी तू पाहिली होतीस तशी राहिलेली नाही. तुझे बाबा गेल्यापासून तिकडे कुणाचा हात फिरला नाही. विहिरीच्या पलीकडे आता माणूस शिरू शकत नाही. दसऱ्यानंतर गडी लावून सगळं तोडून घेतलं, तर महिन्याभरात कापल्या जागी चार चार फुटवे. मग जाळून पाहिलं. वारा फिरला आणि आग पाटलांच्या पेंढ्याच्या उडवीपर्यंत गेली. आता आम्ही काडी ओढली तर पाटील आम्हांलाच पेटवतील. तुझा दादा रोज कोयता घेऊन जातो. ऑफिसला महिनाभर गेलेला नाही, रजा टाकलीय. हात सोलून निघालेत. हळद लावू देत नाही. जेवायला हाक मारली तर 'एवढं संपवतो' म्हणतो, आणि ते संपत नाही गं.

तूच एकदा म्हणाली होतीस, शेळीचं तोंड लागलेलं झुडूप पुन्हा डोकं वर काढत नाही. मग कुठल्या जातीची शेळी घेऊ? मला दूध नको, मटण नको. वाडी मोकळी हवी. विहिरीपाशी उभं राहिलं तर डोंगराच्या पायथ्यापर्यंत माती दिसली पाहिजे. पावसाआधी. चंद्रप्रकाशरावांना विचार आणि लगेच कळव.

तू खाटेवरून उतरू नकोस. जिना तर मुळीच नको.

माणिकचं विचारलंयस. झोपलीय ती.

तुझी,
जयंती


मुलुंड,
१३ डिसेंबर १९५४

प्रिय चंद्रप्रकाशराव यांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवत आहे. घरी नेऊ नये.

ऑक्टोबरात तुम्ही पुण्याच्या कामाचे निमित्त सांगून इकडे येऊन गेलात तेव्हा आपले ठरले, तेच पुढे चालू ठेवावे ही विनंती. माणिक गेली हे सुगंधाला बाळंतपण होईपर्यंत कळता कामा नये. दोनदा तिचे दिवस फुकट गेले. या खेपेस काही झाले तर मला स्वतःला क्षमा करता येणार नाही. ठाण्याच्या नातेवाइकांना मी बजावून ठेवले आहे.

जयंतीने सुगंधाला शेळ्यांविषयी लिहिले आहे असे समजले. तिला अडवले नाही. तिची अवस्था तुम्हांला सांगतो. ज्या झुडपात माणिकला फुरसे चावले ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. खिडकी बंद केली की ती उघडते, उघडी असली की बंद करते. दिवसभर हेच. गडी थकले, आग हाताबाहेर गेली, म्हणून मीच कोयता घेतला आहे. मी थांबलो तर ती काय करील याची मला भीती वाटते. तिच्यासाठी तोडत राहतो.

शेळ्यांनी होणार असेल तर शेळ्या पाठवा. कोणत्याही पाठवा.

आपला,
नंदकुमार टिपणीस


बार्शी,
२२ डिसेंबर १९५४

जयू,

शेळ्या! वाचून मी इतकी हसले की हे धावत आले, पोटात दुखतंय का विचारायला. म्हटलं, दुखत नाही, मुलुंडच्या टिपणीसांच्या सूनबाई शेळ्या राखणार आहेत. हे हसले नाहीत. ताटावरून उठून पडवीत जाऊन उभे राहिले. दिवसभर आजारी गुरं बघून माणसाला विनोद कळेनासा होतो बहुतेक.

आता ऐक. खाटेवर पडल्या पडल्या मी अर्धी गुरांची डॉक्टरीण झालेय.

जमनापारी नको. दिसायला राजघराण्यातली, कान हातभर, नाक पोपटाचं. पण तिला खुराक लागतो, आणि तुमच्या दमट हवेत खोकून खोकून मरेल. सुरती पांढरीशुभ्र, गरीब, दूध चांगलं देते. पण ती दावणीला बांधून खाणाऱ्यातली. काट्यात तोंड घालायला सांगितलंस तर 'मी?' असं तुझ्याकडे बघत उभी राहील. संगमनेरीबद्दल ह्यांचं मत बरं आहे, पण त्यासाठी तिकडच्या बाजाराला माणूस पाठवावा लागेल. राहिली उस्मानाबादी. ती आमच्या बाजारात दर आठवड्याला येते. काळी कुळकुळीत, पायांनी उंच, अंगावर मांस बेताचं. काटेरी मासा खाताना आपण काटा वगळतो ना, तशी ती बाभळीतला पाला काढून खाते. वरचा पाला हवा असला की मागच्या पायांवर उभी राहते आणि फांदीच खाली ओढते. एक फुटवा ठेवत नाही. पुन्हा फुटलं की पुन्हा खाते. शेवटी मूळच कंटाळतं.

तुमच्या डोंगराखालची गावठी कोकणी शेळीही आहे म्हणा. पावसाला भीत नाही, पण एवढीशी बुटकी, खाणार किती? तिनं ती वाडी संपवेपर्यंत आपल्या माणिकचं लग्न होईल.

पण हे म्हणतात, जात ठरवण्याआधी वाडीत काय काय वाढलंय ते नीट लिहून मागव. शेळी सगळं खाते हे लोकांचं खोटं आहे. तेव्हा झुडूपन् झुडूप लिही.

आणि तुझ्या पत्राखाली माणिकची एक ओळ का नाही? अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असलं तरी आत्याला चालेल. मे महिन्यात तिला इकडे पाठवायची आहे हे आत्तापासून सांगून ठेवते. मला पाळणा हलवायला माणूस लागेल.

तुझी,
सुगंधा


मुलुंड,
९ जानेवारी १९५५

प्रिय सुगंधा,

वाडीत काय वाढलंय ते लिहिते. करवंदीच्या जाळ्या सगळ्यात जास्त. त्यांच्यात शिरलेल्या बोरी. रानतुळस. कुड्याची रोपं. विहिरीच्या कठड्यावर काटेरी वेल आहे, त्याचं नाव इथं कुणालाच माहीत नाही. आणखी एक-दोन झुडपं आहेत. त्यांचीही नावं मला माहीत नाहीत.

डॉक्टरांना सांग, जमीन उताराची आहे, पाणी साचत नाही. डोंगरातून कधी कधी वाघरू उतरतं, पाटलांचं कुत्रं नेलं गेल्या महिन्यात. म्हणून तुझ्या दादानं गोठ्याला नवं दार बसवलंय. ते दार करताना तो दोन दिवस कोयत्याला शिवला नाही. मी मनात म्हटलं, येऊ देत शेळ्या, लवकर येऊ देत. शेळ्या खाऊ लागल्या की त्याला तोडायला काही उरणार नाही. सुगंधा, तो कसा दिसतो हे तुला सांगून कळणार नाही. सदरा काढला की बरगड्या मोजता येतात. मी खिडकीतून बघते, जागेवर आहे ना म्हणून. तो दिसला की बघवत नाही, म्हणून खिडकी लावून घेते. लावली की वाटतं, गेला असेल कुठे. पुन्हा उघडते.

काळ्याच पाठव. तू सांगतेस त्याच. उशीर नको.

माणिकला लिहायला बसवलं नाही. पुढच्या वेळी.

जयंती


बार्शी,
१६ फेब्रुवारी १९५५

जयू,

उत्तराला फार दिवस लागले. अंग बरं नव्हतं. आता बरं आहे, काळजी नको.

शेळ्या ठरल्या. बाजारच्या दिवशी ह्यांनी स्वतः जाऊन निवडल्या. डझनभर आहेत, सगळ्या काळ्या, एकीच्या कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. दात बघून घेतल्यात, खूर बघून घेतलेत. मी ह्यांना म्हटलं, त्यांना इथे अंगणात आणा, मला खाटेवरून बघू दे. आणल्या. एकीनं दारात येऊन माझ्या पांघरुणाचं टोक खाल्लं. तिला आधी पाठवते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात इथल्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला, तिथून मालगाडीच्या डब्यातून कल्याणला. सोबत एक ओळखीचा धनगर येईल, तो कल्याणहून हाकत आणून देईल. माझ्याकडून आहेत, हिशेबाचं नाव काढलंस तर बोलणार नाही.

आल्या आल्या सोडू नका. पहिले काही दिवस वाळका चारा द्या, प्रवासानं भुकेजलेल्या असतील. मग सकाळी सोडायच्या, उन्हं चढली की सावलीत. दादाला म्हणावं, बरोबर तू जा. शेळ्यांमागे चालणाऱ्याला सारखं चालावं लागतं, बसता येत नाही, आणि भूक लागते.

जयू, तू जेवतेस ना गं? मला रोज पत्र लिही. शेळ्यांबद्दल लिही. कुठली काय खाते, कुठली मारकी आहे, कुठली कुणाच्या मागे चालते, काहीही लिही. मी इथे पडून असते. वाचायला काही लागतं.

तुझी,
सुगंधा


मुलुंड,
२३ मार्च १९५५

प्रिय सुगंधा,

आल्या! येऊन दोन आठवडे झाले. रोज लिही म्हणालीस, पण हात रिकामा नाही. आज लिहितेय कारण आज मला चांगलं वाटतंय, आणि हे कुणाला तरी सांगायला हवं.

त्यांचं खाणं म्हणजे काय सांगू! सकाळी सोडल्या की सगळ्या एकदम जाळीत घुसतात. करकर करकर आवाज येत राहतो. गड्यांनी आठवडा लावला असता तेवढी जागा चार दिवसांत उघडी झाली. विहिरीपलीकडची बाबांनी बांधलेली दगडी पाळ आहे ना, ती मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिली होती, ती काल पुन्हा दिसली. पांढऱ्या ठिपक्याची तिच्यावर चढून उभी राहते, जशी काही वाडी तिच्या नावावर आहे.

तुझा दादा त्यांच्यामागे चालतो. कोयता कमरेला असतो, पण चालवत नाही. परवा दुपारी घरात आला आणि म्हणाला, 'काही खायला आहे का?' मी भाकरी वाढताना वळून उभी राहिले, त्याला माझं तोंड दिसू नये म्हणून.

आता डोंगराच्या अंगाचा तुकडा राहिलाय. तिथला पाला अजून हिरवा आहे, बाकी सगळं वाळलं. पुढच्या आठवड्यात तिकडे सोडू.

मागच्या पत्रात तू माणिकचं नाव काढलं नाहीस. बरं वाटत नव्हतं म्हणून राहिलं असेल. असू दे.

तुझी,
जयंती


मुलुंड,
६ एप्रिल १९५५

चंद्रप्रकाशराव यांना नमस्कार.

हे पत्र दवाखान्यात पाठवते आहे. सुगंधाला दाखवू नका, तिचे दिवस भरत आलेत.

शेळ्या आजारी आहेत. आधी दोघींनी खाणं सोडलं. वाटलं, ऊन लागलं. आता सात जणी तशा आहेत. लेंडी पडत नाही. मूत गर्द पिवळं. डोळे उघडून पाहिले तर आत हळदीसारखे पिवळे. नाकपुड्यांची आणि कानांची कातडी तडकलीय, सालपटं निघतात. उन्हात गेल्या की डोकं झाडतात, ओरडतात, भिंतीच्या सावलीत तोंड खुपसून उभ्या राहतात. पांढऱ्या ठिपक्याची काल संध्याकाळी गेली. ह्यांनी तिला उचलून वाडीच्या कडेला नेलं, खड्डा खणला, आणि तेव्हापासून त्या खड्ड्यापाशी बसून आहेत. पाणी नेलं तर घेत नाहीत.

पुरती वाट लागली आहे. ह्या जनावरांवर मी काय काय टांगून ठेवलं होतं ते मलाच माहीत. ह्या गेल्या तर ते पुन्हा उठणार नाहीत. काय करू ते तारेने कळवा. इथे ठाण्याला गुरांचे डॉक्टर आहेत, ते दौऱ्यावर गेलेत, आठवडा येणार नाहीत म्हणतात.

जयंती


बार्शी,
८ एप्रिल १९५५

जयंतीवहिनींना नमस्कार.

तार केली आहे, ती मिळाली असेल. ती थोडक्यात होती म्हणून हे सविस्तर.

त्यांना ताबडतोब उन्हातून काढा. गोठ्याची दारं-खिडक्या गोणपाटानं झाकून आत पूर्ण अंधार करा. सूर्याचा किरण अंगावर पडता कामा नये. लाकडी कोळशाची बारीक पूड पाण्यात कालवून नळीनं हळूहळू पाजा, घाई केलीत तर फुप्फुसात जाईल. जवसाचं तेल द्या, पोट साफ झालं पाहिजे. पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. वाळकं गवत पुढ्यात ठेवा, खातील तेवढं. डोंगराच्या अंगाला एकही जनावर पाठवू नका.

ही सगळी लक्षणं एकाच पाल्याची आहेत. लहान लहान केशरी-गुलाबी फुलांचे झुबके, काळी फळं, पान चुरगाळलं तर उग्र वास. आमच्याकडे तिला टणटणी म्हणतात, तुमच्याकडे घाणेरी. उन्हाळ्यात बाकी सगळं वाळलं तरी ती हिरवी राहते. तिच्या गावात वाढलेली शेळी तिला सहसा तोंड लावत नाही. परक्या मुलखातली, भुकेली शेळी लावते. तुमच्या यादीत ती नव्हती. पण ठाण्याच्या डोंगरांखाली ती असतेच हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं.

वाडीत घाणेरी आहे का, एवढं कळवा. किती आहे?

आपला,
चंद्रप्रकाश दिघे


मुलुंड,
१५ एप्रिल १९५५

चंद्रप्रकाशराव,

आहे. डोंगराच्या अंगाला तीच आहे, दुसरं काही नाही.

नाव मला माहीत होतं. सुगंधाला यादी लिहायला बसले तेव्हा करवंद लिहिलं, बोर लिहिलं, सगळं लिहिलं. त्या शब्दापाशी आले आणि हात पुढे जाईना. दोनदा टाक बुडवला. मग लिहिलं की नावं माहीत नाहीत.

भोंडल्याचा दिवस होता. पाटावर हत्ती काढला होता. मुली जमायच्या होत्या. माणिक म्हणाली, 'आई, झेंडू सगळ्यांकडे असतो, मी आपल्या हत्तीला रंगीत फुलं आणते.' घाणेरीचे झुबके आणायला ती गेली. परकराचा ओचा भरून फुलं घेऊन आली, पाटावर ओतली, आणि मग म्हणाली, पायाला काहीतरी चावलं. ठाण्याच्या इस्पितळात तीन दिवस होती. हिरड्यांतून रक्त यायचं थांबेना. तुम्हांला हे माहीत आहे. पण फुलं कुठली होती ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. ते ऑफिसात होते. ह्यांना एवढंच माहीत होतं की झुडपात गेली होती.

आता सांगितलं. गोठ्यात, गोणपाटांच्या आड. दुपारचे बारा वाजलेले आणि आत काळोख. ह्यांच्या मांडीवर एकीचं डोकं होतं आणि मी नळीनं कोळशाचं पाणी पाजत होते. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, 'मग तू लिहिलं का नाहीस?' मी सांगितलं. ते शेळीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, 'मी तुझ्यासाठी तोडत होतो. तुला त्या खिडकीतून दिसू नये म्हणून.'

'आणि मी तुमच्यासाठी शेळ्या मागवल्या,' मी म्हटलं. 'तुम्ही थांबावं म्हणून. मी खिडकीतून तुम्हांला बघत होते हो. झुडपाला नाही.'

ते रडले. ऑक्टोबरापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. मांडीवरची शेळी बिचकली, पण उठायचं तिला बळ नव्हतं.

ती त्याच दिवशी गेली. आजवर सात गेल्या. माझ्या एका शब्दापायी गेल्या. पाच आहेत. त्यांतल्या दोघी आज वाळकं गवत खाताहेत.

जयंती


बार्शी,
२५ एप्रिल १९५५

जयू,

आता पुरे. मला माहीत आहे. जानेवारीपासून माहीत आहे.

जानेवारीचं तुझं पत्र वाचलं आणि मी ह्यांना हाक मारली. विचारलं, 'माणिक कुठे आहे?' कशी आहे असं नाही विचारलं, कुठे आहे म्हणून विचारलं. हे खोटं बोलू शकत नाहीत. खाटेच्या कडेला बसले आणि माझा पाय धरून ठेवला. मी काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेच माझं 'अंग बरं नव्हतं'. मग ह्यांना शपथ घातली, दादाला कळवायचं नाही. मला कळू नये म्हणून तुम्ही तिकडे जीव मुठीत धरून बसला होतात. मला कळलंय हे तुम्हांला कळलं असतं, तर माझ्या पोटातल्या बाळाची तुमची धास्ती आणखी वाढली असती.

आणि तुझ्याशी बोलायला दुसरं होतं काय? तू शेळ्यांशिवाय एक ओळ लिहू शकत नव्हतीस. म्हणून मीही शेळ्याच लिहिल्या. जेवताना ह्यांना छळायची, आणखी सांगा, आणखी काय खाते ती, जयूला लिहायचंय. सांगता सांगता हे घास तसाच ठेवायचे.

पण मला रागही आहे, आणि तो मी गिळणार नाही. माणिकचं लग्न होईल असं मी लिहिलं. पाळणा हलवायला तिला पाठव असं लिहिलं. ते तुम्ही सगळ्यांनी माझ्या हातून लिहवून घेतलंत. तू ते वाचलंस, एकटीनं, त्या खिडकीत बसून. माझं बाळ जपायचं म्हणून तुझ्यावर ते वाचायची पाळी आणली, याचा मला राग आहे. दादावर आहे, ह्यांच्यावर आहे, तुझ्यावरही आहे. मी तिची आत्या आहे. मला तुझ्याशेजारी बसून रडायचं होतं. खाटेवर पडून रडता येतं गं. त्याला जिना चढावा लागत नाही.

ह्यांना लिहिलंस की तुझ्या एका शब्दापायी शेळ्या मेल्या. मेल्या, जयू. हो, त्यापायीच मेल्या असतील. पण तो शब्द तुला लिहिता आला नाही यात तुझा गुन्हा काय ते मला सांग. मी असते तर मलाही आला नसता. आज इथे लिहिते: घाणेरी. बघ, मलाही जड गेलं.

पोटात हालचाल आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, कधीही. काही वेडंवाकडं झालं तर ते या पत्रापायी झालं असं कुणी म्हणायचं नाही. तू तर मुळीच नाही.

तुझी,
सुगंधा


बार्शी,
१४ मे १९५५

प्रिय नंदकुमार व जयंतीवहिनी,

परवा पहाटे मुलगी झाली. आधी दोन वेळा जे झालं ते डोळ्यांपुढे असल्यानं मी तुम्हांला लगेच तार केली नाही, थोडं थांबलो. वजनानं हलकी आहे, पण दूध ओढते. सुगंधा अशक्त आहे, शुद्धीवर आहे, आणि सगळ्यांना हुकूम सोडते आहे.

तिचा एक हुकूम तुमच्यासाठी: वहिनी आल्याशिवाय बारसं नाही. मी तिला म्हटलं, त्यांच्यावर एवढ्यात असा आग्रह धरू नये. ती म्हणाली, तुम्ही फक्त लिहा.

म्हणून लिहिलं. यावं की न यावं हे तुम्हीच ठरवा. न आलात तरी मी समजून घेईन.

चंद्रप्रकाश


मुलुंड,
५ जून १९५५

प्रिय सुगंधा,

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. रोज लिहायला बसायची. तुझा राग बरोबर आहे, एवढीच ओळ व्हायची.

इकडचं सांगते. पाच शेळ्या वाचल्या. एकीचा कान गळून पडलाय, पण खाते. घाणेरीला हात लावायचं काम आम्हीच करायचं ठरवलं. नुसती तोडून तिला काही होत नाही, मुळासकट खणावी लागते. पहाटे उठून दोघं जातो, तुझा दादा पहार घालतो, मी ओढते. सुरुवातीला मला तिचा वास सहन व्हायचा नाही. दोनदा ओकले. तो म्हणाला, 'तू घरात जा.' मी म्हटलं, 'नाही जाणार.' मग त्यानं पुन्हा पहार घातली. नऊच्या सुमाराला तो आंघोळ करून ऑफिसला जातो. गेल्या सोमवारपासून जायला लागलाय. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या दिवशी गेला.

काल ती जागा संपली. माणिक गेली होती ती.

मला वाटलं होतं, तिथे काहीतरी असेल. बीळ असेल, कात असेल, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असं काहीतरी. काही नव्हतं. तांबडी माती, दोन-चार दगड, थोडा उतार. आपल्या ओटीपेक्षा मोठी जागा नाही गं ती. एवढ्याशा जागेसाठी मी आठ महिने श्वास धरून होते. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. तो म्हणाला, 'इथे काही लावू या का? आंबा?' मी म्हटलं, 'नको. लावायचं म्हणून काही लावायचं नाही.' मग आम्ही तिथे खाली बसलो. ऊन फार होतं तरी बसलो.

पावसाबरोबर फुटवे येणार आहेत, हे मला ठाऊक आहे. सगळी मुळं निघालेली नाहीत. तुझा दादा म्हणतो, पुढच्या वर्षी गावठी शेळ्या घेऊ, बुटक्या. त्यांना ही हवा माहीत आहे. खातील सावकाश. सावकाशच खाऊ देत.

बारशाचं. मी येते. एकटी येते, शेळ्यांपाशी तो थांबेल. मंगळवारच्या गाडीनं निघते, कुर्डुवाडीला चंद्रप्रकाशरावांनी माणूस पाठवावा. तुझ्यासाठी डिंकाचे लाडू केलेत.

पण एक आधीच सांगून ठेवते. तू बाळाला माझ्याकडे द्यायला हात पुढे करशील, तेव्हा मी घेईनच असं नाही. कदाचित घेईन. कदाचित उठून परसात जाईन आणि बराच वेळ येणार नाही. बायका काहीबाही बोलतील. तू त्यांना काही समजावू नकोस, आणि माझ्यामागे कुणाला पाठवू नकोस.

मी आपली आपण आत येईन.

तुझी,
जयंती